उंदराने पाळलेला शब्द

१ सप्टेंबर २०२५ रोजी चीनमधल्या तिआनजिनला शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीत नरेंद्र मोदी, व्लादिमीर पुतिन आणि शी जिनपिंग हसतखेळत गप्पा मारत उभे होते. ते छायाचित्र जगभर छापले गेले. पाचच दिवस आधी, २७ ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले होते आणि त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतल्याची शिक्षा म्हणून होते. गलवानच्या खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत २० भारतीय जवान धारातीर्थी पडले त्याला नुकती पाच वर्षे उलटली होती. ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदी आणि ट्रम्प हातात हात घेऊन फिरले त्याला तर सहा वर्षेही पुरी झाली नव्हती.

अशा संध्याकाळी प्रत्येक वृत्तवाहिनीवर कोणीतरी लॉर्ड पामर्स्टनची साक्ष काढतोच. ब्रिटनचे हे परराष्ट्रमंत्री १ मार्च १८४८ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये म्हणाले होते की इंग्लंडला कायमचे मित्र नाहीत आणि कायमचे शत्रूही नाहीत, कायम आहेत ते आपले हितसंबंध. चर्चा तिथेच संपते, जणू त्यापुढे विचारण्यासारखे काही उरलेच नाही. याच भाषणात पामर्स्टनने असेही सांगितले होते की स्वतःच्या खास हिताचा प्रश्न नसेल तिथे इंग्लंडचे खरे धोरण न्यायाचा आणि हक्काचा कैवार घेण्याचे आहे. भाषणाचा तो भाग कोणाला आठवत नाही, कारण त्याचा उपयोग होत नाही.

पण खरा प्रश्न पामर्स्टनच्या बाहेरचा आहे. हितसंबंध बदलले की मैत्री बदलते हे पोरालाही कळते. मैत्री बदलली म्हणजे तिच्या काळात दिलेला शब्दही सुटतो का? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि महाभारताने तो फार पूर्वी, फार बारकाईने हाताळला आहे.

शरपंजरी पडलेल्या भीष्मांना युधिष्ठिर विचारतो, चहूबाजूंनी शत्रूंनी घेरलेल्या राजाने कोणाशी तह करावा, कोणाशी वैर धरावे? शांतिपर्वातल्या आपद्धर्म या उपपर्वात हा प्रश्न येतो आणि उत्तरादाखल भीष्म एका उंदराची गोष्ट सांगतात. एका प्रचंड वडाच्या बुंध्याशी शंभर तोंडांचे बीळ करून पलित नावाचा उंदीर राहतो. वर फांद्यांवर लोमश नावाचा बोका. परिघ नावाचा पारधी रोज संध्याकाळी जाळे लावून जातो आणि सकाळी सावज उचलतो. एका रात्री बोकाच जाळ्यात सापडतो. पलित खूश होऊन जाळ्यावर चढतो, आमिषाचे मांस खाऊ लागतो, तेवढ्यात त्याला खाली हरित नावाचे मुंगूस दिसते आणि वर फांदीवर टपलेले चंद्रक नावाचे घुबड. पळायला वाट नाही. जवळ आसरा एकच, तोही जन्माच्या वैऱ्याचा. पलित बोक्याला म्हणतो, तू मला पोटाशी घे, मी तुझे पाश कुरतडतो. तह होतो. बोक्याच्या कुशीत शिरलेला उंदीर पाहून मुंगूस आणि घुबड हात हलवत निघून जातात.

खरी गंमत इथून पुढे आहे. पलित पाश तोडू लागतो, पण अगदी सावकाश. बोका घाई करतो, दिलेल्या शब्दाची आठवण देतो. उंदीर शांतपणे सांगतो की बरेचसे तंतू तोडले आहेत, एक तेवढा राखला आहे. पारधी दिसला की तोही तोडीन, कारण त्या क्षणी तुला जीव घेऊन झाडावर चढण्यापलीकडे दुसरे काही सुचणार नाही. पहाटे कुत्री घेऊन परिघ येतो. शेवटचा तंतू तुटतो, बोका झाडावर जातो, उंदीर बिळात. पारधी गेल्यावर बोक्याच्या बोलण्यात लोणी येते: तू माझा प्राणदाता, ये, घरच्यांचा पाहुणचार घे. पलित नको म्हणतो. कारण होते म्हणून मैत्री होती. कारण संपले. आता तू भुकेला आहेस आणि मी तुझे भक्ष्य आहे.

इथवर पामर्स्टनने मान डोलावली असती. मात्र गोष्टीतली एक जागा त्याच्या हिशेबात बसत नाही. मुंगूस आणि घुबड निघून गेले त्याच क्षणी उंदराचे काम झाले होते. केवळ हितसंबंध पाहायचे तर त्याने गुपचूप बिळात शिरावे, सकाळी पारध्याने बोक्याला न्यावे आणि पिढीजात शत्रू फुकटात संपावा, यापरता चांगला सौदा कोणता? पलित तो करत नाही. तो तंतू तोडतो. केव्हा तोडायचा, हे मात्र तो आपल्या जिवाच्या बेताने ठरवतो. म्हणजे भीष्मांच्या लेखी दोन गोष्टी वेगळ्या आहेत: मैत्री संपवण्याची मुभा आहे, दिलेला शब्द गिळण्याची नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणावरच्या बहुतेक चर्चांत या दोन गोष्टींची खिचडी होते, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

शब्द पाळायचा तो कोणाच्या धाकाने? प्राचीन जगाचे उत्तर सरळ होते: देवांच्या. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा शत्तिवाझ यांच्यातला इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला तह कोरलेला आहे. साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. ऋग्वेदातला वरुण खोटे बोलणाऱ्याला पाशात पकडतो, तेव्हा त्याला साक्षीला बोलावण्यात शहाणपण होतेच. पुढे इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्तींचा तिसरा हत्तुशिली यांच्या तहाला दोन्हीकडचे हजार-हजार देव साक्षी राहिले. त्या तहाची प्रतिकृती आज न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावलेली आहे. देव तेवढे सोबत आलेले दिसत नाहीत.

कौटिल्याकडून मात्र कोणी देवाधर्माची अपेक्षा करणार नाही. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात तो या प्रश्नाकडे वळतो. आधीच्या आचार्यांचे मत असे की नुसत्या सत्यवचनावर किंवा शपथेवर केलेला तह डळमळीत असतो, जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला पक्का. कौटिल्य याच्या नेमके उलट सांगतो. शपथेचा तह इहलोकी आणि परलोकी दोन्हीकडे बांधतो, जामिनाचा फक्त इथे, आणि तोही ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्याच कामाचा. ज्याला सगळे निष्ठुर व्यवहारवादी समजतात त्याने परलोकाचा दाखला द्यावा, हे वाचून दचकायला होते. अर्थात कौटिल्य तो कौटिल्यच. याच प्रकरणात पुढे तो ओलीस ठेवलेल्या राजपुत्राला कसे सोडवायचे याच्या युक्त्या देतो, अगदी भुयारापासून नट-गायकांच्या वेषापर्यंत.

हे वाचताना मराठी माणसाला आग्रा आठवणारच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले आणि अटी पुऱ्या होईपर्यंत बाल संभाजीराजे मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत ओलीस राहिले. पुढच्या वर्षी आग्ऱ्यात जयसिंगाचा मुलगा रामसिंग शिवाजी महाराजांसाठी बादशहाला जामीन राहिला. त्या काळच्या राजस्थानी पत्रांतून एक गोष्ट कळते: नजरकैदेत असताना महाराजांनी रामसिंगाला आपला जामीन काढून घ्यायला सांगितले होते. निसटण्याच्या योजनेतला हा धूर्तपणा असेल. पण ज्याने आपल्यासाठी मान अडकवली त्याची मान आधी सोडवावी, हा विचारही त्यात आहे. बादशहाचा राग शेवटी रामसिंगाला भोगावा लागलाच.

राजाला परलोक होता. राज्याला तो नाही. आजचे तह दोन राज्यांत होतात, आणि सही करणारा माणूस चार-पाच वर्षांत घरी जातो. १४ जुलै २०१५ रोजी इराणशी अणुकरार झाला, ८ मे २०१८ रोजी अमेरिका त्यातून बाहेर पडली. मधल्या काळात इराण अटी पाळतो आहे असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था वारंवार सांगत होती. शब्द कोणी दिला होता? ओबामांनी की अमेरिकेने? ओबामांनी दिला असेल तर त्यांच्या वारसावर त्याचे ओझे का, आणि अमेरिकेने दिला असेल तर मोडल्याचे पाप नेमके कोणाच्या खाती?

शपथेतून सुटका करून देणारे लोक मात्र प्रत्येक युगात मिळतात. १४४४ मध्ये हंगेरी आणि पोलंडचा तरुण राजा व्लादिस्लाव याचा ऑटोमन सुलतान दुसरा मुराद याच्याशी दहा वर्षांचा तह ठरला. शाई वाळते न वाळते तोच पोपचा प्रतिनिधी कार्डिनल चेझारिनी याने निर्वाळा दिला की काफिराला दिलेली शपथ ख्रिस्ती माणसाला बांधत नाही. राजा निघाला. १० नोव्हेंबरला काळ्या समुद्राकाठी वार्ना इथे लढाई झाली, राजा मारला गेला आणि कार्डिनलही परतला नाही. मोडलेल्या तहाचा कागद मुरादने भाल्याला टोचून रणात मिरवला, असे सांगतात. आज कार्डिनलचे काम कायदेखाती करतात. तहांच्या कायद्यावरच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात परिस्थिती मुळापासून बदलली तर तह सोडण्याची एक चिंचोळी वाट ६२ व्या कलमात ठेवलेली आहे. भारताने या करारावर सहीच केलेली नाही, पण वाट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेर पडायचे ठरले की ती अचानक रुंद भासू लागते.

मराठ्यांच्या इतिहासात पलितच्या शेवटच्या तंतूशी जुळणारा एक प्रसंग आहे. १७८० मध्ये नाना फडणविसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. हैदर आणि मराठे म्हणजे तोवरचे हाडवैरी. मोट लवकरच सुटू लागली. इंग्रजांनी गुंटूर परत करून निजामाला थंड केले, भोसल्यांना पैसे देऊन. हैदर मात्र कर्नाटकात नेटाने लढत राहिला. मग १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यातल्या एका कलमाने, हैदरने जिंकलेला मुलूख त्याच्याकडून परत देववण्याची जबाबदारी पेशव्यांवर टाकली. ज्याला मित्र म्हणून रणात उतरवले त्यालाच आता माघार घ्यायला लावायचे होते. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने जूनमध्येच मंजुरी दिली. पुण्यात नानांनी कागद तसाच ठेवला. महिन्यांमागून महिने गेले. ७ डिसेंबरला हैदर वारला, आणि २० डिसेंबरला पुण्याची मंजुरी झाली. नानांनी हैदरला दिलेल्या शब्दाची लाज राखली, की त्याच्या तलवारीचा धाक दाखवून इंग्रजांकडून साष्टी परत मिळते का हे ते अजमावत होते, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. दोन्ही खरे असू शकते. नानांसारख्या माणसाच्या मनात लाज आणि हिशेब वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतील असे मानायचे कारण नाही. मात्र हैदरच्या पोराला, टिपूला, ही लढाई एकट्याने पुरी करावी लागली, आणि त्याने ते पुढे कधी विसरले असेल असे वाटत नाही.

धर्म आणि राजकारण यांवरचा एक मोलाचा वाद जानेवारी १९२० मध्ये झाला. टिळकांच्या मते राजकारणात सगळे क्षम्य असते, अशा आशयाचे गांधींनी ‘यंग इंडिया’मध्ये लिहिले. टिळकांनी लगेच पत्र धाडले. त्यांचे म्हणणे असे की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. क्रोध अक्रोधाने जिंकावा या बुद्धाच्या शिकवणीपेक्षा, जो जसा माझ्याकडे येतो तसा मी त्याला भेटतो, हे गीतेतले कृष्णाचे सूत्र या जगात अधिक लागू पडते. शठाशी शाठ्यानेच वागावे या जुन्या सूत्राला गांधींनी उत्तर दिले की शठाशीही सत्यानेच वागावे. दोघे आणखी वाद घालू शकले असते, पण त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

टिळकांचे सूत्र आज परराष्ट्र खात्यांची मातृभाषा झाले आहे. ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ रोजी जशास तसे म्हणून जगभरच्या देशांवर आयातशुल्के लावली, भारतावर २६ टक्के. त्यांचे गणित मात्र समोरच्याने काय केले यावर बेतलेले नव्हतेच. अमेरिकेची व्यापारी तूट भागिले आयात आणि त्याचे निम्मे, इतकेच ते होते. कृष्णाला असला हिशेब अभिप्रेत नसावा.

सिंधू जलकराराचा प्रश्न याहून खरा आणि याहून अवघड आहे. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी त्यावर सह्या केल्या, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतून हा करार तगला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. दुसऱ्याच दिवशी भारताने करार स्थगित ठेवला. पाकिस्तान सीमेपलीकडच्या दहशतवादाला दिलेला पाठिंबा विश्वासार्ह रीतीने आणि कायमचा सोडेपर्यंत तो स्थगित राहील, असे सांगितले. करारात एकतर्फी बाहेर पडण्याची तरतूद नाही. बाराव्या कलमाप्रमाणे तो संपवायला दोन्ही सरकारांचा नवा करारच लागतो. पण करार मोडला असे भारताने म्हटलेलेच नाही.

ही स्थगिती म्हणजे पलितने राखलेला तंतू आहे काय? काही अंशी आहे. शब्द नाकारलेला नाही, तो पुरा करण्याची वेळ आपल्या हाती ठेवली आहे, आणि अट आगाऊ सांगितली आहे. पोटाशी धरलेल्याने दात लावले तर तंतू राखणे धर्माविरुद्ध जात नाही, असे टिळक म्हणाले असते. फरक एकाच ठिकाणी पडतो. पारधी आला की नाही हे उंदीर आणि बोका दोघांनाही सारखेच दिसणार होते. पाठिंबा खरेच सुटला हे कोणाला, कशावरून दिसणार? जी अट पुरी झाल्याचे फक्त एकच पक्ष ठरवतो, तिच्यावर राखलेला तंतू कधी तुटेल याची खात्री बोक्याला देता येत नाही. आणि चिनाबच्या पाण्यावर गहू पिकवणाऱ्या ज्या शेतकऱ्याला याची झळ लागेल, तो ना बोका आहे ना उंदीर.

मित्र बदलूनही शब्द पाळता येतो, याचे उदाहरण स्वीडन. १८१४ नंतर एकही युद्ध न लढलेला हा देश ७ मार्च २०२४ रोजी नाटोत गेला, उघडपणे अर्ज करून, आणि कोणाला दिलेले वचन त्यासाठी मोडावे लागले नाही. तटस्थता हे त्याचे धोरण होते, कोणाशी केलेला करार नव्हता. ऑस्ट्रेलियाने उलट केले. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रान्सकडून घ्यायच्या १२ पाणबुड्यांचा सौदा सोडून तो अमेरिका आणि ब्रिटनच्या गोटात गेला. पॅरिसला ते ऐनवेळी कळले. फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरातले राजदूत माघारी बोलावले. सौदा गेल्यापेक्षा अंधारात ठेवल्याची चीड मोठी होती.

आणि मग युक्रेन. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रे होती, जगातला तिसरा मोठा साठा. ती डागण्याच्या चाव्या मॉस्कोत होत्या हे खरे, पण लोखंड आणि अणुइंधन कीव्हच्या हाताखाली होते. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचे वचन दिले आणि १९९६ च्या जूनपर्यंत शेवटचे अण्वस्त्र रशियाला गेले. उंदराने सगळे तंतू आधीच तोडून दिले होते. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. त्या मार्चमध्ये पुतिन यांनी युक्तिवाद केला तो असा की क्रांती झाली असेल तर हे नवेच राज्य आहे, आणि या राज्याशी आम्ही कसलाही करार केलेला नाही. वार्नाच्या कार्डिनलला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला असता: शब्द खरा, पण तो ज्याला दिला तो हा नव्हेच. २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे निघाले.

वचन देणाऱ्या दुसऱ्या सहीधारकाकडे, अमेरिकेकडे, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी झेलेन्स्की गेले तेव्हा ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर त्यांना सुनावले गेले की तुमच्या हातात पत्तेच नाहीत. त्यानंतर कीव्हने मागणीचा रोख बदलला. आता त्यांना सुरक्षेची हमी अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेली हवी आहे, आणि युद्धबंदीनंतर आपल्या भूमीवर परदेशी सैनिक हवे आहेत, म्हणजे वचनासोबत जामीनही, अगदी कौटिल्याच्या आधीचे आचार्य सांगत होते तसा. ६ जानेवारी २०२६ रोजी पॅरिसला ब्रिटन आणि फ्रान्सने तसे सैन्य पाठवण्याच्या इराद्यावर सही केली. असे कोणतेही सैन्य आमच्या तोफांचे रास्त लक्ष्य ठरेल, असे मॉस्कोने लागलीच जाहीर केले.